पदरमोड करून छापलेली पुस्तके : लेखक आणि प्रकाशक बाबासाहेब

आमच्या एका मैत्रिणीने तीन वर्षे खपून आपल्या वस्तीतल्या आयाबायांच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. एका प्रकाशकाने ते ठेवून घेतले, कौतुकही केले. मग निरोप आला की दोन प्रकरणे गाळा, चारदोन शब्द मवाळ करा, म्हणजे लगेच छापू. ती हस्तलिखित घेऊन आमच्याकडे आली. काय करू, हा तिचा प्रश्न होता. आमच्यापैकी एकजण म्हणाला, छापून तर येऊ दे आधी. दुसरा म्हणाला, एक अक्षर बदलू नकोस. वाद वाढला आणि नेहमीप्रमाणे बाबासाहेबांवर येऊन थांबला.

तेव्हा आमच्या लक्षात आले की बाबासाहेब किती लिहीत होते हे आपल्याला सांगता येते, पण ते छापून कसे आणत होते हे फारसे सांगता येत नाही. खंडांची रांग आपल्या कपाटात आयती आलेली आहे. त्यातले कोणते पुस्तक कोणाच्या पैशाने निघाले, कोणते पडून राहिले, कोणते कोणी नाकारले, हे आपण विचारत नाही. म्हणून या वेळी घटनाकार, मंत्री, पुढारी हे सगळे बाजूला ठेवून आम्ही फक्त लेखक बाबासाहेबांचे आयुष्य इथे मांडत आहोत. हातात लेखणी आणि खिशात बहुधा छपाईचे बिल असलेला माणूस.

सुरुवात न्यूयॉर्कपासून करू. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. पुढच्याच वर्षी, मे १९१७ मध्ये, तो इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात छापून आला. त्यांचे हे पहिले महत्त्वाचे छापील लेखन. त्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. पुस्तकांचे आणि सामानाचे बोजके दुसऱ्या बोटीने पाठवले होते. महायुद्ध चालू होते. पाणतीराने ती बोट बुडाली आणि परदेशात पोट मारून जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. पुस्तकांपायी पुढे आयुष्यभर त्यांनी जे केले, दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधताना माणसांच्या आधी ग्रंथांच्या जागेचा विचार केला, त्याच्यामागे ही बुडालेली बोट असेल का, असे आम्हाला नेहमी वाटते. सिद्ध करता येणार नाही, पण वाटते.

वर्तमानपत्राची पहिली खटपट १९२० ची. तेव्हा ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणजे सरकारी नोकरीत. अस्पृश्यांचे स्वतःचे पत्र हवे हे ठरले होते, पैसा नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले आणि ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. नाव तुकोबांच्या अभंगातून घेतलेले, संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे, सुरुवातीचे अग्रलेख मात्र बाबासाहेबांचे. पत्राची जाहिरात छापण्यासाठी ‘केसरी’कडे पाठवली, पैसे मोजून छापा म्हटले, तरी ‘केसरी’ने ती घेतली नाही. ज्यांच्या हातात छापखाने होते त्यांच्या दारात आपल्या पत्राच्या जन्माची बातमीसुद्धा विकत घेता येत नव्हती. आज कोणी विचारते की वेगळी प्रसारमाध्यमे कशाला हवीत. आम्ही या जाहिरातीची गोष्ट सांगतो.

जुलै १९२० मध्ये ते अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. ‘मूकनायक’ ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांच्याकडे आले आणि १९२३ मध्ये बंद पडले. पत्र काढणारा माणूस सातासमुद्रापार असला की पत्राचे काय होते, हा धडा त्यांना तेव्हाच मिळाला असावा. कारण दुसऱ्या खेपेला त्यांनी संपादक म्हणून स्वतःचेच नाव लावले.

लंडनच्या काळात ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडण्यापासून ते बंद होईपर्यंत बसून लिहिलेला प्रबंध म्हणजे रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ. परीक्षकांनी तो जशाच्या तसा घेतला नाही, फेरलेखन सांगितले. बाबासाहेबांनी मुंबईत बसून तो पुन्हा लिहिला, पण निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ च्या अखेरीस पदवी मंजूर झाली आणि लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनाने तो ग्रंथ काढला. त्याला प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची. गंमत अशी की त्या प्रस्तावनेत कॅनन साहेबांनी शिष्याच्या काही मतांशी आपण सहमत नसल्याचे उघड लिहिले आहे. आणि बाबासाहेबांनी ती प्रस्तावना तशीच छापली. आपल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आपल्याशी मतभेद असलेल्या माणसाला बसवायला छाती लागते. आमच्याकडे मात्र प्रस्तावना म्हणजे लेखकाला घातलेला हार, अशीच समजूत झाली आहे.

दुसरा ग्रंथ, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेचा, १९२५ मध्ये त्याच प्रकाशनाने काढला. तो त्यांनी सयाजीराव गायकवाड महाराजांना अर्पण केला. याची एक बाजू तरुण संशोधक मित्रांनी लक्षात घ्यावी. कोलंबिया विद्यापीठाचा नियम असा होता की प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर केल्याशिवाय पीएच.डी. हातात पडत नसे. अभ्यास केव्हाच झाला होता, पदवी अडकली होती छपाईपाशी. छापील प्रती पोहोचल्या आणि १९२७ मध्ये पदवी मिळाली. छपाईचा खर्च हा बाबासाहेबांच्या शिक्षणाचाच एक भाग होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच १९२७ च्या मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला. चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या माणसांवर हल्ले झाले आणि दुसऱ्या बाजूची पत्रे आपल्या परीने तिखटमीठ लावून छापू लागली. दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. या वेळी संपादक बाबासाहेब स्वतः. ते काही कोणाच्या देणगीवर आरामात चालणारे पत्र नव्हते. हाताखाली लेखकवर्ग नाही, मानधन नाही, आणि अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने भरायचे. दिवसा न्यायालयातली वकिली, संध्याकाळी सभा आणि माणसे, रात्री अग्रलेख. वर्षभर हे केल्यानंतर त्यांनी फेब्रुवारी १९२८ मध्ये आपल्याच वाचकांपुढे ‘बहिष्कृत भारता’च्या ऋणाचा प्रश्न मांडला. आपण एवढे केले, आता समाजाने या पत्राचे देणे फेडावे की नाही, असा तो सूर होता. तो लेख वाचताना आजही आम्हाला खजील व्हायला होते. बाबासाहेबांसारख्या माणसाला आपल्या माणसांकडे वर्गणीसाठी हात पसरावा लागला, आणि तरीही पत्र १५ नोव्हेंबर १९२९ ला थांबले.

वर्गणी का येत नव्हती, याचे उत्तर रागात देऊ नये. ज्यांच्यासाठी पत्र होते त्यांच्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. गिरणीच्या चाळीत एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. एका अंकाला दहा-वीस कान असायचे, पण वर्गणीदार एकच. आज आपण एक दुवा पाठवतो आणि शंभरजण फुकट वाचतात, तेव्हा हिशेब फारसा बदललेला नाही.

पुढे देवराव नाईक यांच्या संपादनाखाली २९ जून १९२८ ला ‘समता’ आणि २४ नोव्हेंबर १९३० ला ‘जनता’ सुरू झाले. ‘जनता’ टिकले. पाक्षिकाचे साप्ताहिक झाले आणि जवळजवळ पाव शतक चालले. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचेच नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. मूक, बहिष्कृत, समता, जनता, प्रबुद्ध. मास्टहेडवरची ही नावे ओळीने वाचली तरी चळवळ कुठून कुठे गेली ते दिसते. आणि पत्राबरोबर छापखानाही हवा, हे त्यांना पक्के कळले होते. ‘भारतभूषण’ छापखाना आणि पुढे दादरच्या आंबेडकर भवनातला ‘बुद्धभूषण’ छापखाना ही त्या जाणिवेची फळे. २५ जून २०१६ च्या पहाटे ती वास्तू पाडली गेली तेव्हा मुंबईच्या रस्त्यावर जो समाज उतरला, तो केवळ विटामातीसाठी उतरला नव्हता. ज्या यंत्रावर आपला शब्द उमटला त्या यंत्राचे घर पाडले गेले होते.

आता १९३६. आमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचे खरे गाव हेच.

लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने डिसेंबर १९३५ मध्ये बाबासाहेबांना आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद देऊ केले. मंडळ सुधारक सवर्ण हिंदूंचे, चिटणीस संतराम. दोनच महिन्यांपूर्वी येवल्यात बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले होते, म्हणजे बोलावणाऱ्यांना पाहुणा माहीत होता. बाबासाहेबांनी आढेवेढे घेतले, मग मान्य केले आणि भाषण लिहून काढले. मंडळाला ते लाहोरमध्ये छापायचे होते. बाबासाहेबांनी ते मुंबईत, स्वतःच्या देखरेखीखाली छापायला घेतले. बारीक वाटणारा हा निर्णय पुढे सर्वात मोलाचा ठरला.

मंडळाचे हरभगवान एप्रिलमध्ये मुंबईला आले, छापलेला मजकूर पाहून गेले आणि १४ एप्रिलला त्यांचे पत्र आले. बाबासाहेबांचा त्या दिवशी पंचेचाळिसावा वाढदिवस होता, हे त्यांच्या ध्यानात असण्याचे कारण नाही. पत्रातल्या मागण्या गोड भाषेत होत्या. वेद हा शब्द काही ठिकाणी वगळावा, धर्मशास्त्रांवरचा हल्ला आणि धर्मांतराचा भाग भाषणात नसावा, परिषद निर्विघ्न पार पडावी. बाबासाहेबांनी २७ एप्रिलला उत्तर दिले. त्यात त्यांनी मंडळाला कळवले की एक स्वल्पविरामही बदलला जाणार नाही. तुमच्या मताशी जुळणारा अध्यक्ष हवा असेल तर दुसरा शोधा, परिषद रद्द केली तरी चालेल, पण भाषण असेच राहील. मंडळाने परिषदच रद्द केली.

आता विचार करा. भाषण लाहोरच्या छापखान्यात असते तर? टंक जुळवलेले, प्रती मंडळाच्या ताब्यात, आणि लेखक हजार मैलांवर. ते भाषण त्या छापखान्यातून बाहेर पडले असते की नाही, कोण जाणे. मुंबईत असल्यामुळे १५ मे १९३६ रोजी बाबासाहेबांनी त्याच्या पंधराशे प्रती स्वखर्चाने पुस्तकरूपात बाजारात आणल्या. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. सोबत मंडळाशी झालेला सगळा पत्रव्यवहारही छापला, म्हणजे काय मागितले गेले आणि काय नाकारले ते वाचकाने स्वतः पाहावे. न झालेले भाषण दोन महिन्यांत संपले. गुजराती आणि तमिळ भाषांतरे झाली, मराठी, हिंदी, पंजाबी आणि मल्याळम भाषांतरांचे काम सुरू झाले. परिषद झाली असती तर एका मांडवातल्या लोकांनी ते ऐकले असते.

या पुस्तकाच्या किमतीचीही एक कथा आहे. किंमत होती आठ आणे. गांधीजींनी जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’मधून पुस्तकावर लिहिले तेव्हा इतर मुद्द्यांबरोबर किमतीचीही दखल घेतली. दोन आणे, निदान चार आणे ठेवावी, अशी त्यांची सूचना होती. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा आम्हाला संताप आला होता. छपाईचा खर्च ज्याने स्वतःच्या खिशातून केला त्याला किंमत कमी करायला सांगणे सोपे आहे! नंतर वाटू लागले की सूचना अगदीच चुकीची नव्हती. गिरणी कामगाराला आठ आणे जड होते, हे खरेच. पण पुस्तक इंग्रजीत होते आणि ते मुळात ज्यांना सुनवायचे होते त्या वर्गाला आठ आणे परवडत होते. आमच्यात यावर अजून दोन तट आहेत. बाबासाहेबांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचे लेख आणि त्यांना दिलेले आपले सविस्तर उत्तर, दोन्ही घातले. पुन्हा तीच पद्धत. विरोधकाचे म्हणणे लपवायचे नाही, आपल्याच पुस्तकात आपल्याच खर्चाने छापायचे आणि शेजारी उत्तर ठेवायचे.

इंग्रजीचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर. बाबासाहेबांनी समाजाशी बोलायला मराठी वापरली आणि तीही वर्तमानपत्रात. ग्रंथ मात्र इंग्रजीत लिहिले. एका बाजूला सत्ताधारी आणि जगातले विद्वान, दुसऱ्या बाजूला आपली माणसे, असे त्यांचे दोन वाचक होते. त्यामुळे झाले असे की त्यांचे सणसणीत मराठी गद्य, ज्ञानेश्वरी-तुकोबांच्या ओळखीतले, कोर्टात उलटतपासणी घ्यावी तसे एकेक मुद्दा सोलणारे, पिवळ्या पडलेल्या अंकांत अडकून राहिले. १९७६ मध्ये रत्नाकर गणवीरांनी ‘बहिष्कृत भारता’तले अग्रलेख पुस्तकरूपाने आणले, १९९० मध्ये शासनाने ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’चे अंक एकत्र छापले. ज्यांनी बाबासाहेबांना फक्त भाषांतरातून वाचले आहे त्यांनी एकदा हे मूळ मराठी वाचावे. माणूस वेगळाच भेटतो.

चाळीसच्या दशकात त्यांना एक स्थिर प्रकाशक मिळाला, मुंबईची थॅकर अँड कंपनी. डिसेंबर १९४० मध्ये पाकिस्तानवरचा ग्रंथ आला. तो रमाईंच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. पुढच्या आवृत्त्यांत घडामोडींनुसार त्यांनी भर घातली आणि नावही बदलले. न्या. रानड्यांवरचे पुण्यातले भाषण १९४३ मध्ये, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब १९४५ मध्ये, शूद्र पूर्वी कोण होते हा शोध १९४६ मध्ये. शेवटचे पुस्तक महात्मा फुल्यांना अर्पण आहे, आणि ते योग्यच. तात्यासाहेबांनीही प्रस्थापितांच्या परवानगीची वाट न पाहता १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापली होती. १९४८ चे अस्पृश्यांवरचे पुस्तक दिल्लीच्या अमृत बुक कंपनीने काढले. ते नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांना अर्पण केले आहे. यातली बरीच वर्षे ते आधी व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री आणि नंतर कायदामंत्री होते, घटना लिहिली जात होती, मधुमेहाने शरीर पोखरत होते. कामाचा व्याप सांगून न लिहिणाऱ्या आम्हा सर्वांसाठी एवढी ओळ पुरे.

छापलेल्या पुस्तकांच्या मागे न छापलेल्यांची रास वाढत होती. प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती, हिंदू धर्मातील कोडी, बुद्ध आणि कार्ल मार्क्स, अस्पृश्यांच्या वस्तीविषयीचे ग्रंथ, पाली शब्दकोश. काहींची प्रकरणे टंकलिखित, काहींची नुसती शीर्षके, काही ठिकाणी दोन-तीन मसुदे. तीसच्या दशकाच्या मध्यावर लिहिलेल्या आत्मकथनपर आठवणी, गोरेगावच्या वाटेवरची बैलगाडी, बडोद्यातली पारशी खानावळ, त्याही कागदांतच राहिल्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० मध्ये पुस्तिका म्हणून काढल्या. फुल्यांचे चरित्र लिहायची इच्छाही होती, ती राहिली. एकाच वेळी इतके प्रकल्प अंगावर घेणे हा लेखक म्हणून त्यांचा दोष होता का? आमच्यापैकी एकाचे मत तसे आहे. आम्हाला वाटते, ज्याला वेळ कमी आहे हे कळलेले असते तो सगळ्याच चुली एकदम पेटवतो.

त्यातल्या एका पुस्तकाला त्यांनी सगळ्यांच्या पुढे काढले. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकात बुद्ध आणि त्यांच्या धम्माचे भवितव्य या विषयावर त्यांचा लेख आला. बौद्धांसाठी एकच सुटसुटीत ग्रंथ असावा, ही कल्पना त्यात होती, आणि तो लिहायचे काम त्यांनी स्वतःवर घेतले. नोव्हेंबर १९५१ मध्ये, मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर थोड्याच दिवसांत, त्यांनी ‘द बुद्ध अँड हिज गॉस्पेल’ या नावाने अवघ्या पन्नास प्रती खाजगीरीत्या छापून घेतल्या. विक्रीसाठी नव्हे, जाणकारांकडून मते मागवण्यासाठी. एवढा मोठा विद्वान, पण मसुदा लोकांपुढे ठेवून थांबला. मग पुन्हा पाच वर्षे लेखन. नानकचंद रत्तू कार्यालयातले काम संपवून येत आणि रात्री टंकलेखन करीत. नावातला शब्दही बदलला आणि ग्रंथ ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ झाला.

१९५६ हे बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाल्याचे वर्ष. ग्रंथ तयार होता, छपाईचा खर्च सुमारे वीस हजार रुपये होता आणि तो बाबासाहेबांना पेलण्यासारखा नव्हता. मार्चमध्ये त्यांनी मिनू मसानींमार्फत टाटांकडे शब्द टाकला. दोराबजी टाटा ट्रस्टने तीन हजार रुपये दिले. १४ सप्टेंबरला, धम्मदीक्षेच्या बरोबर एक महिना आधी, त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. बुद्धजयंतीच्या उत्सवासाठी जगभरातून विद्वान येणार आहेत, त्यांना आणि ग्रंथालयांना देण्यासाठी सरकारने या ग्रंथाच्या पाचशे प्रती विकत घ्याव्यात, एवढीच विनंती. सोबत अनुक्रमणिका जोडली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. उत्सवाच्या प्रकाशनांसाठी राखलेली रक्कम संपली आहे, पत्र समितीचे अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठवत आहे, आणि उत्सवाच्या वेळी पुस्तक विक्रीला ठेवता येईल. राधाकृष्णन यांनीही असमर्थता कळवली.

स्वतंत्र भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, आणि पाचशे प्रती. आम्ही इथे कोणाला शिव्या देणार नाही. नियम होते, रकमा ठरलेल्या होत्या, उत्तर सभ्य भाषेत होते. ‘केसरी’चा नकारही आपल्या ठिकाणी नियमात बसणाराच असेल.

महिन्याभराने नागपूरला १४ ऑक्टोबर उजाडला. लाखो लोक धम्मात आले आणि त्यांच्या हातात द्यायचा ग्रंथ अजून छापून झालेला नव्हता. नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ते बुद्ध आणि मार्क्स यांवर बोलले, तिथून सारनाथ, काशी करून दिल्लीला परतले ते थकून. ५ डिसेंबरच्या रात्री अलीपूर रोडच्या घरी त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद उशाशी मागून घेतले. सकाळी ते उठले नाहीत.

ग्रंथ १९५७ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनाने निघाला. भदंत आनंद कौसल्यायन यांचे हिंदी भाषांतर १९६१ मध्ये आले. मराठी वाचकाला ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मिळायला १९७० उजाडले, म्हणजे दीक्षेच्या वेळी जन्मलेले मूल तोवर शाळेच्या वरच्या वर्गात गेले होते. १५ मार्च १९५६ ची तारीख असलेली एक प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत नव्हतीच. त्यात त्यांनी माईसाहेबांचे आणि डॉ. मालवणकरांचे, आपले आयुष्य वाढवल्याबद्दल आभार मानले आहेत. ती १९८० मध्ये भगवान दास यांनी प्रसिद्ध केली. लेखक गेल्यावर त्याच्या पुस्तकात काय राहावे आणि काय गळावे हे दुसरे ठरवतात. ते आपलेच लोक असले तरी.

उरलेल्या कागदांच्या पेट्या वर्षानुवर्षे न्यायालयीन ताब्यात राहिल्या. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये पहिला खंड काढला. वसंत मून यांनी अक्षरशः धूळ झटकून, पान पानाला जुळवून हस्तलिखिते लावली. १९८७ मध्ये ‘रिडल्स’चा चौथा खंड आला तेव्हा परिशिष्टातल्या राम-कृष्णावरच्या प्रकरणावरून राज्यभर मोर्चे आणि प्रतिमोर्चे निघाले. १९३६ मध्ये मंडळाला जे शब्द नको होते, तेच पन्नास वर्षांनी पुन्हा कोणाला तरी नको होते. फरक इतकाच की या वेळी भांडायला लेखक नव्हता, दलित पँथरच्या पिढीतली पोरे रस्त्यावर होती. पुढे खंडांचे पुनर्मुद्रण रखडले आणि २०२१ मध्ये वर्तमानपत्रातल्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाला त्यात स्वतःहून लक्ष घालावे लागले.

मैत्रीण हे सगळे ऐकून गेली. आठवड्याने तिचा फोन आला. प्रकरणे गाळायची नाहीत, पुस्तक आपणच छापायचे, तीनशे प्रती, चैत्यभूमीच्या स्टॉलवर ठेवायच्या. आम्ही वर्गणी काढतो आहोत. मुद्रितशोधन दोघांनी वाटून घेतले आहे, कागदाचा भाव काढून आणला आहे. किंमत किती ठेवायची यावर मात्र अजून भांडण चालू आहे. ती शंभर म्हणते, वस्तीतल्या ज्या बायकांच्या आठवणी त्यात आहेत त्यांना तेवढे परवडले पाहिजेत. आम्ही हिशेब मांडून दाखवतो की खर्चच एकशे चाळीसच्या घरात जातो. परवा ती म्हणाली की मग वाचून दाखवायच्या सभा घेऊ, चाळीत घ्यायचे तशा, आणि पुस्तक विकत घेईल त्याच्याकडून एकशे साठ घेऊ.

पहिली सभा येत्या रविवारी आहे.